वाजवत्या माणसाला शाल

लग्नाला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत माझ्या पेटीवादनाला आमच्या छायाने एकदाही ‘वा’ म्हटलेलं नाही. ही तक्रार नाही, नोंद आहे. देवळीच्या एका शाळेत मी चौतीस वर्षं मुख्य लिपिक होतो, त्यामुळे नोंद ठेवण्याची सवय हाडात आहे. मी भैरवी संपवतो, भाता बंद करतो, रुमालाने कपाळ पुसतो, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, “झालं काय?” दाद म्हणून मिळालं ते एवढंच. सुरुवातीला मला वाटायचं, ताट वाढायचं म्हणून विचारत असेल. पण एका निर्जळी एकादशीलाही तिने तेच विचारलं आणि माझा भ्रम फिटला.

याच बाईने मागच्या जानेवारीत, वर्ध्याच्या एका सभागृहात, तीन-चारशे माणसांच्या देखत एका परक्या दाढीवाल्याला ‘वा’ म्हटलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून. त्यानंतर त्या संध्याकाळी जे काही घडलं त्यावर आमच्या कॉलनीत अजून हसतात आणि सगळा दोष माझ्या माथी मारतात. म्हणून मूळ कारण आधीच सांगून ठेवलं. जळणारा माणूस काय करेल याचा नेम नसतो, आणि त्या दिवशी मी चांगलाच जळत होतो.

सुरुवात मोतीलालपासून झाली. माझ्या बहुतेक अपमानांची सुरुवात तिथूनच होते. मोतीलालचं बिछायत केंद्र आहे. लग्नाकार्याला मंडप, सतरंज्या, खुर्च्या, गंज-पातेली सगळं तो पुरवतो. त्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. दर गुरुवारी कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात आमचं भजन असतं, त्यात मी पेटीवर, अण्णाजी टाळावर आणि मोतीलाल कशावरच नाही. तो नुसता पुढे बसून ‘वा’ म्हणतो. भजनाला वा, आरतीला वा, टाळ चुकला तरी वा, चहा आला की जरा मोठ्याने वा. अशा माणसाच्या ‘वा’ला बाजारात भाव नसतो, पण तरी तो जेव्हा माझ्याकडे न बघता म्हणतो तेव्हा मला लागतंच.

छायासुद्धा दर गुरुवारी एक भजन म्हणते आणि मी तिला साथ करतो. साथ म्हणजे साधीसुधी नाही. तिची ओळ संपायच्या आत मी पुढची ओळ वाजवून ठेवतो, म्हणजे तिला शोधत बसावं लागू नये. ती श्वास घ्यायला थांबली की तेवढ्या जागेत माझ्या दोन हरकती आणि एक छोटी तान बसते. बायकोसाठी इतकं कोण करतो, मला सांगा.

तर अशाच एका गुरुवारी प्रसाद वाटून झाल्यावर मोतीलाल म्हणाला, “येत्या शनिवारी वर्ध्याले जॅझ आहे. पाच वादक येऊन राह्यले. सोफे आपले आहेत, म्हणून मले पयल्या रांगेचा पास भेटला.” मग माझ्याकडे वळून, “तुमाले भेटलाच अशीन, महादेवभाऊ. तुमी तं संगीतातले.”

“भेटणार आहे,” मी म्हणालो.

“जॅझ म्हणजे काय असते वो?” छायाने विचारलं. सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. आमच्या मंडळात पेटीची परीक्षा दिलेला मी एकटाच आहे. पास झालो की नाही हे कोणी विचारलेलं नाही. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “थो एक पाश्चिमात्य राग आहे. सायंकाळचा.”

“वा,” मोतीलाल म्हणाला.

एकदा भर देवळात ‘भेटणार आहे’ म्हटल्यावर पास मिळवणं भागच होतं. कार्यक्रम फुकट होता, पण पास लागत होता, आणि फुकटचा पास मिळवणं किती अवघड असतं हे ज्याने सरकारी कागद हाताळलेत त्याला सांगायला नको. मी सोमवारी एसटीने वर्ध्याला गेलो. कार्यक्रम करणाऱ्या समितीचं कार्यालय एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. टेबलामागे एक मुलगी बसली होती. चेहरा ओळखीचा वाटला. तिलाही माझा वाटला असावा, कारण ती हसली, आणि त्या हसण्यात मला काही बरं दिसलं नाही.

“बाबूजी, ओळखलं काय? मी आचल. तुमच्या शाळेतली.”

मी ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी ही मुलगी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली होती. तिच्या अर्जावर पालकांची सही नव्हती म्हणून मी तिला परत पाठवलं. सही आणली तेव्हा तारीख नव्हती. तारीख टाकून आणली तेव्हा दाखल्याचं पुस्तक कपाटात होतं आणि किल्ली माझ्याकडे असली तरी वेळ साडेपाचची झाली होती. नियम म्हणजे नियम.

“पास पायजे होते दोन,” मी म्हणालो.

“अर्ज करा न बाबूजी,” आचल गोड आवाजात म्हणाली.

मी अर्ज लिहून दिला. तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. “आधारची झेरॉक्स नाई जोडली.” मी खाली जाऊन झेरॉक्स आणली. “दोघांची पायजे.” दुसरी घरी होती. मंगळवारी दुसरी घेऊन गेलो तर तिच्यावर सही नव्हती, आणि सही ज्याची त्यानेच समोर करायची होती. बुधवारी छायाला सोबत नेलं. छायाने सही केली. आचलने अर्ज फायलीत लावला, फाईल बंद केली, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पास तं कालच संपले. अर्ज वेळेत आला नाई, बाबूजी.”

हे शेवटचं वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझं. नऊ वर्षं त्या मुलीने ते जपून ठेवलं होतं आणि माझ्या बायकोसमोर परत केलं. छाया खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

बहुधा त्या खांद्यांमुळेच आचलला दया आली. तिने दुसरा एक कागद काढला. कार्यक्रमाच्या शेवटी पाच वादकांचा सत्कार होता, शाल आणि नारळ देऊन, आणि एकेका वादकाला एकेका स्थानिक प्रतिष्ठिताने शाल घालायची होती. “कलावंत म्हणून तुमचं नाव टाकू काय?” तिने विचारलं. मी खुर्चीत सरळ बसलो. मोतीलाल खाली सोफ्यावर आणि मी वर मंचावर, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो की मुख्य वादकाचा सत्कार मी करीन.

“मुख्य म्हणजे सॅक्सोफोनवाला. त्याले मोतीलालजी घालून राह्यले शाल.”

“मोतीलालचा संगीताशी काय संबंध?”

“सोफे त्याहीचे आहेत.”

ट्रम्पेट एका डॉक्टरांकडे गेला होता, पियानो एका प्राचार्यांकडे, ड्रम एका माजी नगरसेवकाकडे. उरला होता पाचवा. “थो मोठ्ठं व्हायोलिन घेऊन मांगं उभा राह्यते,” आचल म्हणाली. “चालन?” मागे उभा राहणारा माणूस माझ्या वाट्याला यावा हे माझ्या पत्रिकेतच आहे. मी चालेल म्हणालो. बसायला मंचाच्या बाजूला दाराजवळ प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मिळणार होत्या. निघताना तिने बजावलं, “संपून टाळ्या झाल्या का लगेच वर जाजा. मांगच्या वेळी कलावंत सामान बांधून निघून गेले न शाली तशाच राहून गेल्या. थांबू नका.”

शनिवारी निघायच्या वेळी अण्णाजी आले. अण्णाजी निवृत्त कंपाउंडर आहेत आणि कोणत्याही कार्यक्रमाकडे ते प्रकृतीच्या बाजूने बघतात. “ढोलाच्या पुढे बसू नोका. त्याचा ठोका छातीत बसते. माह्या साडूचा असाच एका वरातीत बसला.” मग खिशातून त्यांनी एक बोंड काढलं. “हा माह्या वावरातला कापूस. सरकी काढून कानात घालजा.” आमच्या जिल्ह्यात कापसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी ते बोंड खिशात टाकलं.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मोतीलालचे लाल सोफे, सोफ्यापुढे टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध स्वतः मोतीलाल, पायावर पाय टाकून. तिथून त्याने मला हात केला. मी हात करू शकलो नाही, कारण माझ्या मांडीवर शाल होती आणि शालीवर नारळ. आचलने आम्हा पाचही जणांना शाल-नारळ आधीच देऊन ठेवले होते, शेवटी धावपळ नको म्हणून. सगळा जॅझ मी एक नारळ सांभाळत ऐकला आहे, हे लक्षात घेऊन माझ्या पुढच्या वर्तनाचा विचार व्हावा.

पाच जण आले. एकाकडे सॅक्सोफोन, म्हणजे सनईच्या घराण्यातलं वाकडं पितळी वाद्य. एकाकडे ट्रम्पेट, एक पियानोवर, एक ड्रमवर. आणि पाचवा माझा. दाढीवाला, पोट सुटलेला, साध्या खादीच्या सदऱ्यात, आणि त्याच्या हातात त्याच्याहून उंच असं एक व्हायोलिन. त्याला डबल बास म्हणतात हे मला नंतर कळलं. तो त्या वाद्याच्या बाजूला असा उभा राहिला की कोणी कोणाला आधार दिलाय ते कळेना.

पहिली दहा मिनिटं मी समजत होतो की ते वाद्यं जुळवताहेत. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कळलं की एक गत होऊन गेली. दुसऱ्या गतीला मी सावध झालो आणि छायाला समजावून सांगायला लागलो. “हा पंचम. आता पाह्य, हा खाली येईन.” तो खाली आला नाही, भलतीकडेच गेला. “चूप राहा न जराशे,” छाया म्हणाली. ती पुढे वाकून ऐकत होती. मला वाटलं सॅक्सोफोनवाल्याकडे बघतेय. तो तरुण होता, देखणा होता, डोळे मिटून वाजवत होता. ते मी सोसलं असतं. माणूस देखणा असला की जळायलाही एक इज्जत असते. पण ती बघत होती मागे, माझ्या दाढीवाल्याकडे.

मग बाकीचे एकेक करत थांबले आणि तो एकटाच उरला. जाड तारा, जाड बोटं. एक सूर वाजवायचा, मग तो सूर विरेपर्यंत थांबायचा. तान नाही, हरकत नाही, काही नाही. माझ्या हिशेबाने त्या पाच मिनिटांत त्याने जितकं वाजवलं तितकं मी एका आलापात मोकळं करतो.

आणि छाया म्हणाली, “वा.”

मोठ्याने नाही. आपण एकटेच असताना म्हणावं तसं. मी मान वळवून बघितलं. “काय म्हणाली?”

“तुमाले नाई म्हटलं,” ती म्हणाली, “त्याले म्हटलं.”

तेवढं मला माहीतच होतं.

मी खिशातून बोंड काढलं. नारळ गुडघ्यांत धरून, सरकी बाजूला काढून, अण्णाजींच्या वावरातला कापूस मी दोन्ही कानांत गच्च भरला. निषेध म्हणून. माझ्या मनात आलं होतं की आता वाजवा काय वाजवायचं ते. पण निषेधाचा उलटाच परिणाम झाला. सॅक्सोफोन गेला, ट्रम्पेट गेला, पियानो गेला, लोकांचं खोकणं गेलं, आणि उरला तो नेमका दाढीवाला. ढुम्. ढुम्. ढुम्. कापसातून फक्त तोच आत येत होता. ज्याच्यापासून सुटायचं होतं त्याच्यासोबत मी स्वतःला कोंडून घेतलं.

मधेच सॅक्सोफोनवाला माइकजवळ येऊन काहीतरी बोलला. लोक हसले, माना हलवल्या. मला ओठ हलताना दिसले फक्त. पुढे कळलं ते असं, की या संगीतात एकेकट्याचं वाजवून झालं की मधेच टाळ्या द्यायची रीत आहे, तेव्हा संकोच करू नका, असं तो सांगत होता. वर्ध्याच्या रसिकांनी ते मनावर घेतलं. ज्या एका रसिकाने ते ऐकायला हवं होतं त्याच्या कानात कापूस होता.

तिसरी गत सुरू झाली. सवासात वाजले होते. दाढीवाल्याने परत एकट्याने वाजवलं, त्याने मान लववली, आणि सगळ्या सभागृहाने असा टाळ्यांचा कडकडाट केला की तो मला कापसातूनही ऐकू आला. संपून टाळ्या झाल्या की लगेच वर जायचं. थांबायचं नाही. मी उठलो. छायाने माझा सदरा ओढला असं ती म्हणते, मला ते आठवत नाही. मी चार पायऱ्या चढून मंचावर गेलो, मागून दाढीवाल्यापर्यंत पोहोचलो आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर शाल घातली.

तेव्हा मला दिसलं की त्याचे हात चालूच आहेत.

तो दचकला, पण थांबला नाही. मी नारळ पुढे केला. घ्यायला त्याच्याकडे हातच मोकळा नव्हता. मी नारळ पियानोवर ठेवायला गेलो तर पियानोवाल्याने अशा नजरेने बघितलं की मी तो परत उचलला. उतरावं तर पायऱ्या पलीकडे, आणि मधे ड्रमवाला दोन्ही हात उगारून बसलेला. दाढीवाला तिरकं बघून हळूच म्हणाला, “अंकल, नारियल पकड़े रहो और हिलना मत।” ओठांवरून मी ते कसंबसं ओळखलं आणि जागच्या जागी उभा राहिलो.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मोतीलाल. मी वर गेलेलो बघून त्याला वाटलं की सत्कार सुरू झाला आणि आपण सोफ्यावरच राहिलो. तो टीपॉय ओलांडून धावतच आला आणि डोळे मिटून वाजवणाऱ्या सॅक्सोफोनवाल्याला त्याने समोरून शाल घातली. मोतीलाल गेला म्हणून डॉक्टर उठले. डॉक्टर उठले म्हणून प्राचार्य. माजी नगरसेवक कोणाच्या मागे राहणारा माणूस नाही, त्यांनी तर ड्रमवाल्याला शाल घालताना एक टोक झांजेवर सोडलं, आणि तेवढ्या वेळापुरती ती झांज मुकी झाली. दोन मिनिटांत मंचावर पाच वादक शाली पांघरून जॅझ वाजवत होते आणि त्यांच्या बाजूला आम्ही पाच प्रतिष्ठित नारळ धरून ताटकळत होतो. पडद्याआडून आचल दोन्ही हात डोक्याला लावून आमच्याकडे बघत होती. लोक खुर्च्यांवरून उठून ठेक्यावर टाळ्या द्यायला लागले. त्यातल्या निम्म्यांना वाटलं की जॅझ असाच असतो.

मी एका हाताने एका कानातला कापूस काढला. इतक्या जवळून ऐकल्यावर तो बास कानात येत नव्हता, लाकडी मंचातून तळपायात येत होता. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्या माणसाला न्याहाळलं. त्याच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. नजर वाद्यावर नव्हती, ज्याची पाळी असेल त्याच्यावर होती. ट्रम्पेटवाल्याने एक अवघड जागा घेतली आणि उतरला, तेव्हा हा मागे उभा राहून हसला. मनापासून. दुसऱ्याचं चांगलं वाजलं म्हणून हसणारा वादक मी तोवर पाहिला नव्हता. मी स्वतः अशा वेळी पेटीचा भाता जोरात दाबतो. मला त्या हसण्याचाही हेवा वाटला, आणि छायाच्या ‘वा’पेक्षा जास्त वाटला.

कार्यक्रम संपल्यावर सत्कार पुन्हा झाला. कारण पहिल्यांदा शाली घातल्या तेव्हा फोटोवाला चहाला गेला होता. सगळ्यांच्या खांद्यांवरच्या शाली काढून, घड्या घालून, परत घातल्या. या वेळी दाढीवाल्याने नारळ घेतला. मी खाली उतरतो तर छाया वर चढत होती. ती सरळ त्याच्याकडे गेली. काहीतरी बोलली. तो वाकून ऐकायला लागला, मग हसला, आणि त्याने ते वाद्य तिच्यासमोर धरलं. छायाने एक बोट पुढे केलं आणि सगळ्यात जाड तार एकदा ओढून सोडली. एकतीस वर्षांत माझ्या पेटीला तिने फडकं मारण्याखेरीज हात लावलेला नाही.

या दुसऱ्या सत्काराच्या पायी आमची बस गेली. मोतीलालचा टेम्पो सोफे घेऊन देवळीला परत जात होताच. पुढे मोतीलाल आणि चालक बसले आणि मागे सोफ्यावर आम्ही दोघं. पहिल्या रांगेचा सोफा मला मिळाला तो असा, वर्धा-देवळी रस्त्यावर, पाठमोरा, थंडीच्या वाऱ्यात, आणि कानात उरलेल्या एका बोळ्यासह.

“काय बोलली त्याच्याशी?” मी विचारलं.

“इचारलं, हात दुखते काय म्हणून.”

“मंग?”

“दुखते म्हणाला.”

 मग मला राहवेना. “त्याले वा काऊन म्हटलं? असं काय वाजवलं त्यानं? मी त्याच्याहून लय जास्त वाजवतो.”

“हाव न,” छाया म्हणाली. “थो कोणाच्या मधात नाई आला.”

“म्हणजे?”

“विहिरीतला गाळ काढाले एखादा खाली उतरते, तवा वरतं एक जण दोर धरून राह्यते न? तसा होता थो. बाकीचे कुठीबी गेले तरी यानं दोर नाई सोडला.”

“आन् मी?”

“तुमी माह्या आधीच विहिरीत उडी घेता.”

हे ती हसत म्हणाली, म्हणून मीही हसलो. टेम्पो एका खड्ड्यातून गेला, सोफा उडाला, आम्ही दोघांनी एकाच वेळी सोफ्याची कड धरली. मग तिने पदर कानावरून घेतला आणि समोरच्या अंधाराकडे बघत म्हणाली, “एकतीस वर्षं झाले मी भजन म्हणून राह्यली. माहा आवाज कसा आहे, थे मले अजून ऐकूच नाई आलं.”

 मला एवढंच कळलं की ती रागावलेली नाही, आणि रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे चार दिवस कॉलनीने माझं जगणं मुश्कील केलं. मोतीलालने सत्काराच्या फोटोची मोठी प्रत करून बिछायत केंद्रात लावली. त्यात सॅक्सोफोनवाल्यासोबत तो पूर्ण आहे आणि माझा फक्त नारळ आला आहे. अण्णाजींनी माझे कान तपासले. पण माझं लक्ष त्यात नव्हतं. मी दार लावून पेटीचा सराव करत होतो, न वाजवण्याचा. तुम्हाला सोपं वाटत असेल तर करून बघा. षड्ज आणि पंचमावर दोन बोटं ठेवायची, भाता चालवायचा आणि बाकीची बोटं घडी करून ठेवायची. पाच मिनिटांत करंगळी आपणहून धैवताकडे सरकायला लागते.

गुरुवार आला. छायाची पाळी आली. तिने सवयीप्रमाणे माझ्याकडे न बघताच सुरुवात केली, जरा मोठ्याने आणि घाईने, म्हणजे मी पुढची ओळ वाजवायच्या आत तिची म्हणून व्हावी. मी फक्त सूर धरून बसलो. पहिल्या ओळीनंतर ती थांबली आणि माझ्या तानेसाठी जागा सोडली. तान आली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी भात्याकडे बघत राहिलो.

दुसरी ओळ तिने हळू घेतली. तिसरी त्याहून हळू. आवाजात थोडी खरखर होती, खाली उतरताना तो रुंद होत होता, आणि ओळीच्या शेवटी तो लगेच संपत नव्हता. नेमक्या त्या शेवटावर मी आजवर हरकती घेत आलो होतो. अण्णाजींचा टाळ आपसूक मंदावला. बायका वाती वळायच्या थांबल्या. मला खरं सांगायचं तर कौतुकाच्या आधी मत्सरच वाटला. हा आवाज इतकी वर्षं माझ्या पेटीखाली होता आणि मंडळातला संगीतातला माणूस म्हणून लोक माझ्याकडे बोट दाखवत होते. मग तो मत्सरही गेला आणि मी नुसता ऐकायला लागलो.

शेवटची ओळ संपली.  आणि माझ्या ध्यानात आलं की माझ्या नोंदीत एक बाजू कोरी आहे. ती मला एकतीस वर्षांत वा म्हणाली नाही हे मी लिहून ठेवलं होतं. मी तिला किती वेळा म्हणालो, तो रकानाच मी पाडला नव्हता. मी तोंड उघडलं.

“वा,” मोतीलाल म्हणाला.

हळू म्हणाला, नेहमीसारखा नाही. त्याच्या आयुष्यातला तो पहिला खरा वा असावा, आणि तोही त्याने माझ्या आधी पळवला. त्यानंतर सगळेच म्हणायला लागले. मी तोंड मिटलं आणि पेटीला कड्या लावल्या.

घरी जाताना छाया दोन पावलं पुढे होती. अण्णाजींच्या फाटकापाशी ती थांबली.

“मघाशी तुमचं तोंड काऊन उघडं होतं?”

“काई नाई.”

“जांभई होती?”

“नाई.”

“मंग जे होतं थे म्हणून टाका न.”

मी मागे बघितलं, पुढे बघितलं. अण्णाजी फाटकाला कुलूप लावत होते आणि आम्ही काय बोलतोय ते ऐकायला मुद्दाम किल्ली फिरवत बसले होते. मी घसा साफ केला.

“वा,” मी म्हणालो. फार काही चांगला निघाला नाही. सवय नव्हती.

छाया जराशी थांबली, आणखी काही येतं का ते बघितल्यासारखं.

“झालं काय?” ती म्हणाली, आणि चालायला लागली. हसत होती की नाही ते मला दिसलं नाही. पण घराच्या वळणापर्यंत ती मघाचीच ओळ गुणगुणत होती, आणि मी मधात आलो नाही.